भेगेवरचे लिंपण

फार पूर्वी शिलावती नगरात ब्रह्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व ताम्रगिरी डोंगरावर तांब्याच्या खाणीचे नायक म्हणून जन्मले होते. खाणकऱ्यांची घरे डोंगराच्या पायथ्याशी होती. घरांच्या वर, उतारावर, एक आडवी भेग होती. डोंगर ही आई आणि भेग ही तिची जखम, असे मानून बायका रोज सकाळी ती चिखलाने लिंपून टाकीत. त्यामुळे भेग कोणाला उघडी अशी दिसलीच नव्हती.

त्या वर्षी पायथ्याला तांब्याची जाड शीर लागली. बोधिसत्त्वांचा धाकटा भाऊ रोहक तिच्यामागे भुयार आत आत नेऊ लागला.

एके सकाळी रोहकाची बायको सामा घाम पुसत म्हणाली, "भावोजी, पूर्वी एक पाटी चिखल पुरायचा. आता कितीही ओता, आई पितेच आहे. एवढी कसली तहान लागलीय तिला?"

बायका हसल्या. बोधिसत्त्वांनी मात्र आधी भेगेकडे आणि मग खालच्या भुयाराकडे पाहिले. खाली पायथा पोखरला जात होता आणि वर भेग रुंदावत होती. त्यांनी सर्वांना घरे सोडायला सांगितले.

"दादा, माती उन्हानं तडकतेच," रोहक म्हणाला. "तेवढ्यासाठी गाव उठवायचं?"

"मग ऊन लागू द्यायचं नाही," बोधिसत्त्व म्हणाले.

त्यांनी भेग नव्याने लिंपून वर ओले कापड अंथरले. सामा त्यावर पाणी शिंपडत राहिली. लोक भोवती बसले. वरून एखादा खडा घरंगळला की सगळ्यांच्या माना वळत. दुपारी कापड उचलले, तेव्हा माती ओलीच होती आणि मधोमध फाटलेली होती.

"आई जा म्हणतेय," सामा हळूच म्हणाली.

मुले, म्हातारी माणसे, शेळ्या घेऊन लोक ओढ्यापलीकडच्या टेकडीकडे निघाले. रोहक मात्र पुन्हा भुयारात शिरला होता. बोधिसत्त्व त्याच्यामागे आत गेले. छतातून माती झरत होती.

"एवढा तुकडा निघू दे, दादा. काही होत नाही."

बोधिसत्त्वांनी वाद घातला नाही. ते त्याच्याशेजारी मांडी घालून बसले.

"हे काय? ऊठ आधी! डोंगर खाली येईल ना!"

"येईल," बोधिसत्त्व म्हणाले. "पण तू इथं आहेस."

रोहकाच्या हातातली पहार गळून पडली. त्याने भावाचा दंड धरला आणि त्याला ओढतच बाहेर आणले. दोघे ओढा ओलांडतात तोच उतार सुटला. घरे, भुयार, तांबे, सारे मातीखाली गेले. धुळीत काही दिसत नव्हते. सामा एकेकाचे नाव घेऊन हाका मारीत होती. प्रत्येक हाकेला ओ आली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा रोहक म्हणजे ढासळत्या गुहेतच ध्यान करीन म्हणून हटून बसलेला हा भिक्षू. सामा म्हणजे त्याच्या काळजीने रडत माझ्याकडे आलेली ही उपासिका. खाणीचा नायक मी होतो."

स्वतःच्या जिवाला न भिणाऱ्यालाही दुसऱ्याच्या जिवाची भीती वाटते. त्या भीतीलाच शास्त्यांनी करुणा म्हटले.