सात खुंटांचं परसू

फार फार पूर्वी, गावांना वेस होती आणि वेशीला दार होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात टोपल्या विणणारी एक बाई राहत असे. तिला ना नवरा होता, ना दीर, ना भाऊ. होतं ते घरामागचं परसू आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आंब्या-फणसाची सात झाडं.

एकदा ती आजारी आईला भेटायला माहेरी गेली. तेवढ्यात पाटलाने वाड्याच्या नव्या माडीसाठी ती सातही झाडं तोडून नेली. परतून पाहते तर परसात गुडघ्याएवढे सात खुंट.

"गावाच्या कामासाठी नेली," पाटील म्हणाला. माडी गावाची कशी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पाटील काही राक्षस नव्हता म्हणा. राक्षसाला निदान आपण राक्षस आहोत हे ठाऊक असतं.

त्या गावाची एक रीत होती. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी प्रत्येकाने आपल्या परसात आळी करून वेलांचं बी लावायचं. जेवढ्या जागेत आळी, तेवढी जागा घरच्याची. उरलेली पडीक धरून गावाकडे, म्हणजे पाटलाकडे जायची. पाटलाला घोड्यांच्या पागेसाठी जागा हवीच होती. खुंटांच्या मुळांनी भरलेल्या परसात बाई आळी कुठे करणार, असा त्याचा हिशेब.

तृतीयेला दोन महिने उरले असताना तो मुद्दाम आला. म्हणाला, "माझ्या बैलांच्या चार जोड्या देतो. दोन दिवसांत खुंट उपटून निघतील. अर्धं परसू मला दे, अर्धं तुला ठेव."

बाई म्हणाली, "पाटील, झाडं तोडताना मला विचारलं नाहीत. मग खुंट उपटताना कशाला विचारता? ते माझं मी बघेन."

"हे एकट्या बाईचं काम नव्हे."

"मग बघत बसा," बाई म्हणाली, आणि तिने पदर खोचला.

पहिल्या दिवशी तिने कुऱ्हाड घेऊन खुंटाच्या डोक्यावर घाव घातले. संध्याकाळपर्यंत कुऱ्हाडीचा दांडा मोडला, खुंट जसाच्या तसा. चूक तिची एकटीची नव्हती. सगळं गाव झाडं तोडायला शिकलेलं होतं, उपटायला कुणी शिकलंच नव्हतं. तिला फार राग आला, आणि रागातच तिने दांडा नवा बसवला.

दुसऱ्या दिवसापासून ती खुंटाच्या वाटेला गेलीच नाही. संध्याकाळी बुडाशी दोन घागरी पाणी ओतायची. सकाळी भिजलेली माती उकरायची, मूळ उघडं पडलं की तोडायचं. एक मूळ झालं की दुसरं. हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. शेजारीण म्हणाली, "अगं, अर्धं देऊन टाक ना. अर्ध्यातही तुझं भागेल."

"भागेल," बाई म्हणाली. "पण उरलेलं अर्धं मागायला तो पुढच्या वर्षी येईल."

बारा दिवसांनी पहिला खुंट आडवा झाला. मग दुसरा, तिसरा. तृतीयेच्या सकाळपर्यंत सहा निघाले होते. सातवा फणसाचा होता, सगळ्यांत जाड.

पाटील पंचांना घेऊन आला तेव्हा बाई कमरेइतक्या खड्ड्यात उभी होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. शेवटचं मूळ तोडलं, पहार घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. खुंट कलला आणि धाडकन आडवा पडला.

पाटील हसला. "खुंट निघाले खरे. पण आळी कुठे आहेत? ती खणेपर्यंत सकाळ संपेल."

बाई खड्ड्यातून वर आली. कुदळीला तिने हातही लावला नाही. सातही खड्ड्यांत आधी माती लोटली, मग शेणखताची एकेक पाटी ओतली आणि वर भोपळ्याचं बी टोचलं. "ही काय आळी. जिथे तुम्ही झाड तोडलंत, तिथे आळं झालं. जागा तुम्हीच आखून दिलीत."

पंचांतल्या म्हाताऱ्याने वाकून माती चाचपली. "इतकं खोल आणि इतकं भुसभुशीत आळं गावात दुसरं नाही," तो म्हणाला. "परसू बाईचं. सगळं."

बाई तेवढ्यावर थांबली नाही. तिने एक खुंट पाटलाच्या दाराकडे ढकलायला सुरुवात केली. आधी शेजारीण धावली, मग आणखी चौघी आल्या, मग सारी गल्ली आली. दुपारपर्यंत सातही खुंट वाड्याच्या दारात रचले गेले. घोडा बाहेर निघेना आणि आत माणूस जाईना.

"पाटील, झाडं नेलीत, पण बुडखे न्यायचे विसरलात," बाई म्हणाली आणि हात झटकून घरी गेली.

ते हलवायला गावातला एकही माणूस पुढे झाला नाही. शेवटी पाटलाला स्वतःच्या बैलांच्या चारही जोड्या जुंपाव्या लागल्या, आणि त्या वर्षी पागा बांधली गेलीच नाही.

तात्पर्य: ज्याने आपली वाट अडवली, त्याच्यापुढे हात पसरण्यापेक्षा हाताला फोड आलेले बरे.