चिमा बुरूडणीचा उलटा प्रश्न

दुपारचे तीन. घोणसमाळचा घाट, उतरणीचं तिसरं वळण. झोळीतली बाई तिथे मेली. तिचं नाव सगुणा, पोटात नऊ महिन्यांचं मूल. खाली पेठेतल्या कचेरीचे तीन टोले खांदेकऱ्यांनी ऐकले होते, म्हणून वेळ नक्की आहे. बाकीचं, असं म्हणतात.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पेठेत नुकताच दवाखाना झाला होता आणि घोणसमाळाहून तिथे उतरायला एक पायवाट तेवढी होती. अडलेल्या बाईला घोंगड्याच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला टांगायची आणि दोघांनी पळत सुटायचं. त्यांतल्या किती पोचल्या, ते लिहून ठेवावं असं कोणालाच वाटलं नाही.

सगुणा ही चिमा बुरूडणीची थोरली लेक. चिमा टोपल्या, सुपं, कणग्या विणायची. धाकट्या लेकीला, आवडाला, सातवा महिना लागला होता आणि मूल आडवं आहे असं सुईण म्हणत होती. चिमाच्या हातात दोन महिने होते.

तिने नवी डोली विणायला घेतली. एक केली, मोडली. दुसरी केली, मोडली. असं म्हणतात, तिने एकवीस डोल्या मोडल्या आणि बेटातले बांबू कोयता लागण्याआधीच तिच्यापुढे वाकू लागले. तरी बेत जमेना. चांगली डोली कशी असते ते कोणी सांगू शकत नव्हतं, कारण कोणी ती पाहिलीच नव्हती.

मग चिमा देवळापुढे गेली. गाव तिथे बसलं होतं.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "बाई वाटंत मरावी असं मनात असंल, तर डोली कशी बांधाल?"

"चिमे, डोकं ठिकाणावर हाय का?" तात्या पाटील म्हणाला.

"हाय म्हणून इचारते, तात्या. चांगली बांधाया तुमास्नी येत न्हाई. वाईट तरी येती का बघू."

कोणीतरी हसलं. राणू खांदेकरी म्हणाला, "डोकं उताराकडं करीन." सगुणाला त्यानेच तसं नेलं होतं.

चिमाने हातातल्या बांबूच्या कामटीवर कोयत्याने खाच पाडली. "फुडं?"

"फुडं बुटका धरीन, मागं ताडमाड."

"खांदा बदलताना दगडावर आपटीन."

"तोंडावर घोंगडं टाकीन. लोकलाजंपायी."

सगुणाची सासू त्या दिवसापासून बोललेली नव्हती. ती म्हणाली, "तिला काय हुतंय, ते कुणी इचारायचंच न्हाई."

ती खाच सगळ्यांत खोल गेली, असं म्हणतात.

चिमा घरी आली आणि एकेक खाच उलटी विणली. पाळण्यासारखी टांगलेली बैठक, म्हणजे वाट कितीही कलली तरी बाई सपाट राहील. एका उंचीचे चार खांदेकरी. टेकायला चार पाय. तोंड उघडं. आणि बाईच्या हातात घुंगरू. वाजलं की थांबायचं. का, ते थांबल्यावर विचारायचं. आधी चिमा स्वतः बसली, पोटाला नाचणीची टोपली बांधून, आणि सात वेळा घाट उतरली.

पुरुषांना त्या घुंगराचा राग यायचा. "बाईनं हुकूम सोडायचा आन आमी थांबायचं?" राणू कुरकुरला.

"बैस तू आत," चिमा म्हणाली. त्याला बसवला. दुसरं वळण यायच्या आत त्याने तीनदा घुंगरू वाजवलं.

आवडाला नेलं तेव्हा डोलीवर तेलाची पणती ठेवली होती. ती पेठेपर्यंत विझली नाही. खांदेकऱ्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते, असं म्हणतात. आवडा वाचली, मूलही वाचलं.

गोष्ट इथेच संपवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या सोयीचं आहे ते. तुम्ही पुढचं ऐका.

त्या वर्षी घाटात रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. मामलेदाराने डोली पाहिली, तीत बसून एक फेरी मारली आणि बेहद्द खूश झाला. म्हणाला, "इतकी उत्तम सोय असताना रस्ता हवाच कशाला?" त्याने चिमाला लुगडं दिलं आणि खुंट्या उपटून नेल्या.

चिमा डोली घेऊन कचेरीत गेली. लुगडं टेबलावर ठेवलं.

"सायेब, ह्ये ऱ्हाऊ द्या. एक इचारू?"

"विचार की."

"बाया मराव्यात असं मनात असंल, तर रस्ता कसा कराल?"

कारकुनाने दौतीत टाक बुडवला होता, तो त्याने तसाच धरून ठेवला.

"उत्तर येईस्तवर बसते," चिमा म्हणाली आणि पायरीवर डोली टेकवून तीत बसली. असं म्हणतात, ती पावसाळा बसली, थंडी बसली, उन्हाळा बसली. एका सकाळी डोली रिकामी दिसली आणि तिच्या चारी पायांना मुळं फुटलेली होती. ते बांबूचं बेट आजही कचेरीच्या फरशीतून वर येतं. दर वर्षी तोडतात, दर वर्षी येतं.

रस्ता आजही नाही. चिमाच्या हातची आणखी एक डोली शहरातल्या संग्रहालयात काचेआड आहे. डिझाइनच्या वर्गांत तिचा उलटा प्रश्न शिकवतात. मुलं रंगीत चिठ्ठ्यांवर उत्तरं लिहून भिंतीला चिकटवतात आणि सर शाबासकी देतात. मुलांचा दोष नाही. घाट कुठे आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

घोणसमाळ तिच्या नावाने वेगळंच करतं. पौषाच्या अमावास्येला, त्या सालात डोलीतून उतरलेल्या आणि वाचलेल्या बाया पायी पेठेत जातात आणि चिमाचा तोच प्रश्न अर्ज म्हणून तहसील कचेरीत देतात. कारकून पोच म्हणून प्रतीवर शिक्का मारतो. गावाकडे अशा त्रेसष्ट प्रती आहेत. प्रत्येकीवर आवक क्रमांक आहे. उत्तराचा जावक क्रमांक आजवर एकाही अर्जाला मिळालेला नाही.