साळूबाईची घंटा

नदीला पूल नव्हता, पैलतीरी जायचं तर सांगड लागायची, त्या काळची ही गोष्ट. वडगावात साळूबाई ओतारीण होती. नवऱ्यामागं घंटा ओतायची भट्टी तिनं एकटीनं चालवली. हात सढळ, जीभ तिखट. मजुरी वेळेवर, भाकरी पोटभर. तरी तिच्याकडं माणूस टिकत नसे. कामात मुरला की निघून जायचा. नवा यायचा, शिकायचा, तोही जायचा.

"माणसं कृतघ्न," साळूबाई म्हणायची आणि नवा गडी शोधायची.

त्या साली गावानं भैरोबाची मोठी घंटा तिला सांगितली. बाईनं दोनदा ओतली. दोन्ही वेळा घंटा बद्द वाजली, फुटक्या मडक्यासारखी. भाता ओढणारा जुना गडी पैलतीरी दुसऱ्या भट्टीवर गेला होता, आणि नव्याला आच राखता येईना. पाटील म्हणाले, "बाई, आता एकदाच. नाही जमलं तर काम पैलतीरी देऊ."

म्हणजे भट्टी विझलीच. साळूबाईनं पदर खोचला आणि सांगडीत बसली.

जुना गडी अंगणात दोर वळत होता. बाई दारातूनच म्हणाली, "ए भात्या, चल माघारी."

आतून त्याची बायको बोलली, "भाता तुमच्याच भिंतीला टांगलाय, बाई. इथं कशाला शोधताय?"

गडी हसला. "बाई, माझं नाव सांगा. लगेच येतो."

साळूबाईनं तोंड उघडलं. नाव येईना. तिच्या भट्टीवर कुणालाच नाव नव्हतं. भाता ओढणारा भात्या, सांडशी धरणारा सांडश्या, माती मळणारा चिखल्या. गडी म्हणाला, "इथंही घाम तेवढाच गळतो. पण हाक मारतात ती मला मारतात. कुशाबा म्हणतात मला."

बाई परतली. सांगडीत ती ते एकच नाव पुटपुटत होती, असं म्हणतात.

सकाळी भट्टी पेटली. बाईनं सांडश्याला विचारलं, "तुझं नाव काय रे?"

तो घाबरला. "कामावरून काढताय का, बाई?"

"नाव सांग, मेल्या!"

"येसाजी."

मग तिनं एकेकाला नावानं हाक मारली आणि जो तो "हाय जी" म्हणत जागेवर उभा राहिला. नव्या गड्याला बाईनं कोळशाकडं लावलं होतं, त्यामुळं भात्यापाशी मात्र कुणी नव्हतं. तरी बाईनं हाक दिली, "कुशाबा!"

"हाय जी!" गल्लीतून आवाज आला. कुशाबा ओल्या धोतरानं आत शिरला आणि त्यानं भाता धरला. सांगडीची वाट न बघता तो पोहून आला होता, असं म्हणतात. जाळ आढ्याला भिडला, पण छपराच्या गवताची एक काडी जळली नाही, असंही म्हणतात.

घंटा वाजली ती सात गावांनी ऐकली. ज्यानं त्यानं त्यात आपलं नाव ऐकलं. भट्टी सोडून गेलेलेही कुठून कुठून परत आले. नंतर साळूबाईची भट्टी कुणी सोडली नाही.

आज वडगावात ओतारी पुष्कळ आहेत. धातू ओतण्याआधी मालक उठून उभा राहतो आणि एकेकाला नावानं हाक मारतो. जो सोडून गेला, त्यालाही मारतो. मग सगळे गडी क्षणभर नदीकडं कान देतात. ओतणं त्यानंतर.