वाऱ्याचा वाटा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. त्याचा एक नियम मात्र आठवतो.

त्याच्या राज्यात नवी वस्ती वसवायची झाली, की जमिनीचे चार भाग करायचे. तीन भागांत घरं बांधायची. चौथा भाग वाऱ्याचा. त्यात कुणी घर बांधायचं नाही. लोक त्याला वाऱ्याचा वाटा म्हणत.

एका गावात विणकरांची घरं वाढली, दाटीवाटी झाली. तेव्हा राजाने त्यांना गावाबाहेरचा माळ दिला. विणकरांचा म्होरक्या होता एक महाजन. माणूस सरळ, पण न्यायाचं भारी वेड. लोक म्हणत, हा जन्मतानाच तराजू घेऊन आला.

वस्ती आखायला सगळे माळावर जमले आणि वाऱ्याच्या वाट्यावरून वाद पेटला. पूर्वेला सोडला तर पश्चिमेच्यांना लांब. मध्ये सोडला तर कडेच्यांचं तोंड वाकडं. शेवटी महाजन म्हणाला, "वाराही सारखा वाटून घेऊ. ज्याच्या त्याच्या घरामागे ज्याचा त्याचा तुकडा. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको."

सगळ्यांना पटलं. महाजनाची बायको तेवढी हसली. "अहो, वारा म्हणजे काय भाकरी आहे, चतकोर चतकोर वाटायला?"

"तुला न्याय कळत नाही," महाजन म्हणाला.

घरं उठली, मागे तुकडे पडले. तुकडा म्हटला की हद्द आली, हद्द आली की भिंत आली. राजाचा मोजणीदार काठी घेऊन आला. त्याने सगळे तुकडे मोजले, बेरीज केली, चौथा भाग पुरेपूर भरला. शाबासकी देऊन तो घोड्यावर बसून निघून गेला. नियम अगदी तंतोतंत पाळला होता ना!

आता विणकरांचं काम कसं असतं ते सांगतो. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. ते लांबच लांब ताणून त्यांना पेजेची खळ लावावी लागते. जुन्या गावात हे देवळापुढच्या पटांगणात चाले. शेजारीपाजारी दोन्ही बाजूंनी उभे राहत, कुंचे फिरवत, आणि हातांबरोबर तोंडंही चालत. कुणाची सून रुसली, कुणाची गाय व्याली, सगळं तिथेच कळे.

नव्या वस्तीत तुकड्यात मावेल तेवढाच ताणा. तो घरच्या घरी उरके. लुगडी विणणारे हात पंचे विणू लागले. शेजाऱ्याला हाक मारायची गरजच उरली नाही.

महाजनाला मूलबाळ नव्हतं. तो दिवसभर मागावर असे. बायको मागच्या तुकड्यात खळ लावत स्वतःशीच बोलत राही. भिंतीपलीकडे शेजारीण खोकली की ही विचारी, "बरं नाही का गं?" भिंत जाड होती, उत्तर येत नसे.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "एवढी एक भिंत पाडा ना. मला कुणाचं तरी तोंड दिसू दे."

"वाटणी मीच केली. मीच कशी मोडू?"

ती पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. पुढे आजारी पडली आणि गेली.

लोक आले. पण गल्ली अरुंद. एकेक जण दारात येई, हात जोडी आणि मागच्याला वाट द्यायला निघून जाई. कुणीतरी आपल्याजवळ टेकावं असं महाजनाला फार वाटत होतं. पण टेकणार कुठे? चार माणसं जवळ बसून रडतील एवढी जागा त्या अख्ख्या वस्तीत नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर त्याने पहार घेतली आणि आपल्या तुकड्याच्या दोन्ही भिंती पाडल्या. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी लगेच आपापल्या बाजूला काटक्यांचे कूड उभे केले. "तुमचं दुःख कळतं हो," ते म्हणाले, "पण आमचा वाटा आम्हाला राहू द्या." हे त्यांना महाजनानेच शिकवलं होतं.

रोज संध्याकाळी तो तिथे घोंगडं अंथरी, स्वतः एका कडेला बसे आणि बाकीचं मोकळं ठेवी. अंधार पडला की घोंगडं झटकून घरात जाई. कुणी आलं नाही.

एका सकाळी तो त्याच घोंगड्यावर, कडेलाच, निजलेला सापडला. उठला नाही.

तिरडी तिथेच बांधायची ठरलं. जागा पुरेना, म्हणून शेजाऱ्यांनी कूड उपटून बाजूला ठेवले. सारी वस्ती कितीतरी वर्षांनी एका जागी उभी राहिली. ती खोकणारी शेजारीण एका बाईकडे बघतच राहिली.

"अगं, तुझे केस कधी पिकले?"

"दोनच घरं सोडून राहते मी," ती बाई म्हणाली. "कधी पिकले ते मलाही कुणी सांगितलं नाही."

दोघी रडू लागल्या, आणि ते रडणं एकट्या महाजनासाठी नव्हतं.

कूड पुन्हा लागले नाहीत. हळूहळू भिंतीही गेल्या आणि वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरू लागला. त्याच्या कडेला एक घोंगडं मात्र रोज अंथरलं जाई. ज्या दोघांना त्याची गरज होती, ते बघायला उरले नव्हते.

तात्पर्य: मोकळी जागा वाटून घेतली की कुणाचीच राहत नाही, सगळ्यांची ठेवली, तरच ती प्रत्येकाची होते.