सुताराची वरची फांदी

रानातही पदव्या मिळायच्या, त्या काळची ही गोष्ट. रानाच्या विद्यापीठात सुतार पक्षी लाकडाची पारख शिकवायचा. सावरीच्या शेंड्यावर बसून तो चोच आपटायचा आणि कुठला ठोका भरीव खोडाचा, कुठला पोखरलेल्याचा, ते समजावून सांगायचा.

त्या वर्षी नदीपलीकडून एक धामण शिकायला आली. ती रोज हनुवटी जमिनीला टेकवून पडून राहायची. सुताराला वाटायचं, ही बया वर्गात खुशाल झोपते. दोनदा त्याने वरूनच दटावलं, तरी ती ढिम्म! तिसऱ्या दिवशी मात्र त्याचा पारा चढला. तो तरातरा खाली उतरला, तिच्या तोंडासमोरच्या मुळीवर बसला आणि चोच आपटून ओरडला, "ऊठ! नाव काढून टाकू का तुझं?"

धामण रागावण्याऐवजी हरखलीच. "सर, आज तुमचा ठोका पोचला! आम्हाला कान नसतात. आम्ही हनुवटी टेकून जमिनीतून ऐकतो."

सुतार वरमला. त्या दिवशीचा धडा त्याने मुळीवरूनच घेतला. तास संपला तसं मागच्या रांगेतलं कासव हळूहळू पुढे आलं.

"सर, तीन वर्षांत मलाही आजच कळलं. शेंड्यापर्यंत माझी मान वर होत नाही, तुमची चोच कुठे पडते ते दिसतच नाही."

"अरे, मग तीन वर्षं गप्प का बसलास?"

"मला वाटलं, विद्यापीठात असंच असतं. कळलं नाही तर दोष आपलाच."

सुताराने शेंड्याकडे पाहिलं. तिथून हे कासव त्याला कधी दिसलंच नव्हतं.