उंच गाडीचे लहान टायर

एक गाव होतं, आणि त्या गावात सर्जेराव नावाचा एक भोळा पिकअपवाला होता. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं. घरात त्याची आई त्याला बैलोबा म्हणायची, आणि आई काही खोटं बोलणारी बाई नव्हती.

सर्जेराव पिकअपमधून गावाचा भाजीपाला बाजारात पोचवायचा. गाडी चांगली होती, धंदाही चांगला होता. एकदा जत्रेत कुणीतरी त्याला म्हणालं, "सर्जेराव, गाडी उंच असली की माणूस मोठा दिसतो." झालं. दुसऱ्या कशानं मोठं दिसण्याची आशा नव्हतीच. त्यानं गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून घेतले, ट्रॅक्टरला शोभतील असले टायर बसवले आणि गाडी इतकी वर नेली की टोमॅटोचे क्रेट चढवायला शिडी लागायला लागली. तो स्वतः आधी स्टुलावर, मग टायरवर आणि मग केबिनमध्ये असा चढायचा. स्टूल घरीच राहायचं, म्हणून बाजारात उतरताना उडी मारायचा. ती उडी बघायला लोक जमायचे. आपण मोठे दिसतो म्हणून जमतात, असं सर्जेरावला वाटायचं.

त्याची बायको मैना बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. सव्वा महिना झाला तसा सर्जेराव त्यांना आणायला गेला. मैना बाळाला घेऊन दारात आली. तिनं गाडीकडं बघितलं, हातातल्या बाळाकडं बघितलं आणि आल्या पावली आत निघून गेली.

मग सासरे बाहेर आले.

"जावईबापू, तान्हं लेकरू घिऊन माझी पोरगी शिडीनं चढणार न्हाई. गाडी माणसात आणा, मग या. आन पुन्ना असला तमाशा झाला तर पोरगी आन नात दोघी हितंच ऱ्हातील. मला काय जड न्हाईत."

सर्जेराव घाबरला. बायकोवर त्याचा खरोखर जीव होता. लेकीला तर त्यानं अजून मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं.

तो तडक गावातल्या हमीदभाईंच्या दुकानात गेला. हमीदभाई पंक्चर काढायचे, टायर बसवायचे. त्यांनी मान वर करून गाडी बघितली.

"पाटे खोलत बसलो तर लई वेळ जाईल," ते म्हणाले. "लहान टायर टाक. गाडी आपोआप खाली येती. जा, तालुक्याला जाऊन लहान टायर आण."

सर्जेरावनं हे डोक्यात पक्कं केलं. डोक्यात जागेची अडचण कधीच नव्हती.

तालुक्याच्या दुकानात जाऊन तो म्हणाला, "तुमच्याकडं सगळ्यांत लहान टायर कुठला हाय, त्यो द्या."

तो स्कूटरचे टायर घेऊन आला.

हमीदभाईंनी ते हातात घेतले. पिकअपच्या चाकाशी धरून बघितले. मग म्हणाले, "हे तुझ्या गाडीच्या रिमवर बसतील का? आरं बाबा, कुठलीबी वस्तू घेताना आधी घालून बघावी. बसली तर घ्यावी."

सर्जेरावनं हेही पक्कं केलं. वस्तू आधी घालून बघावी.

दुसऱ्या दिवशी आईनं त्याला बाजारात पाठवलं. सुनेसाठी हिरव्या बांगड्या आणि नातीसाठी झबलं, एवढंच आणायचं होतं. सर्जेराव बांगड्यांच्या दुकानात बसला आणि त्यानं आपला हात पुढं केला. बांगडीवाली म्हणाली, "कुणासाठी पायजेत?" तो म्हणाला, "मंडळींसाठी. पण आधी घालून बघाव्या लागतात." पहिली बांगडी फुटली. दुसरी फुटली. तिसरी कशीबशी अंगठ्यापर्यंत गेली आणि तिथं अडकून बसली. तो तसाच उठून कपड्यांच्या दुकानात गेला आणि झबलं डोक्यातून घालायला लागला. एक कान आत गेला, तेवढ्यात झबलं फाटलं.

घरी आईनं साबण लावून बांगडी काढली.

"बैलोबा," आई म्हणाली, "वस्तू मैनेसाठी आणायची आन माप तुजं? जिच्यासाठी वस्तू, तिचा तेवढा इचार करावा. बाकी कुणाचा करू नगं."

सर्जेरावनं पक्कं केलं. मैनेचा विचार करायचा. बाकी कुणाचा नाही.

मग तो पुन्हा टायर आणायला गेला. या वेळी टायर रिमच्या मापाचे घेतले, लहानही घेतले. हमीदभाईंना दाखवावं, म्हणून तिथंच बसवून गाडी चालवत गावात आणली. गाव पारावरून उठून उभं राहिलं. गाडी डावीकडं कलली होती, आणि सर्जेराव तोल सांभाळायला उजवीकडच्या खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"दोनच टायर?" हमीदभाईंनी विचारलं.

"मैना डाव्या बाजूनंच चढती," सर्जेराव म्हणाला. "उजवीकडं मी असतो. माझा इचार करायचा न्हाई, असं आईनं सांगितलंय."

हमीदभाई दुकानात गेले, पाणी प्याले आणि परत आले.

"हे बघ," ते म्हणाले. "एकाला लावलं की चौघांना लावायचं. एकाला एक आन दुसऱ्याला एक, असं चालत न्हाई. ध्यानात ठेव."

त्यांनी स्वतः फोन करून उरलेले दोन टायर मागवून घेतले आणि बसवले. अवाढव्य गाडीखाली ते टायर हत्तीला कोंबडीचे पाय लावल्यासारखे दिसत होते, पण गाडी खाली आली. सर्जेरावनं पाय टाकला तो सरळ केबिनमध्ये पडला. त्याला भरून आलं.

"आता एकच," हमीदभाई म्हणाले. त्यांना गप्प बसता आलं असतं, पण चांगल्या माणसांना ते जमत नाही. "गाडी खाली आलीय, पोट घासंल. मोठा खड्डा दिसला की माणसं उतरव, रिकामी गाडी पलीकडं काढ, मग पुन्हा माणसं घे."

सर्जेरावनं हेही पक्कं केलं आणि सासुरवाडीला निघाला.

सासुरवाडीत पाठवणीची तयारी झाली होती. भावकी अंगणात जमली होती. मैनेची आई पोहोचवायला सोबत येणार होती. निघण्याआधी मैनेनं काजळाचं बोट घेतलं आणि बाळाला नजर लागू नये म्हणून गालावर तीट लावली.

सर्जेराव ते बघत होता. एकाला लावलं होतं.

त्यानं काजळाची डबी उचलली. मैनेच्या गालाला लावलं. सासूबाई वाकून पिशवी बांधत होत्या, त्यांच्या गालाला लावलं. सासरे पाहुण्यांशी बोलत बसले होते. त्यांच्या गालाला जरा जास्तच लागलं.

"चार झाले," सर्जेराव म्हणाला आणि डबी मिटली.

अंगणात कुणी हसू दाबलं, कुणाला दाबता आलं नाही. सासरे मात्र हसले नाहीत.

"जावईबापू, हे काय?"

"एकाला लावलं की चौघांना लावायचं, मामा. हमीदभाईंनी सांगितलंय."

"कोण हमीदभाई?"

"टायरवाले."

सासऱ्यांनी गाल पुसला. काजळ कानापर्यंत गेलं. मैना खाली मान घालून उभी होती. तिला रडू येत होतं, की हसू येत होतं, की दोन्ही, ते तिलाच ठाऊक. तिच्याकडं बघून सासऱ्यांनी राग गिळला.

"टायरवाल्यानं सांगितलेलं गाडीला लावायचं," ते सावकाश म्हणाले, लहान पोराला सांगावं तसं. "माणसांत आणायचं न्हाई. गाडीला मातर अक्षर न अक्षर लावा. समजलं?"

"समजलं, मामा."

आणि खरंच समजलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट जशी सांगितली तशी समजली होती.

मैना बाळाला घेऊन आली आणि शिडी न लावता, कुणाचा हात न धरता गाडीत बसली. मागून सासूबाई बसल्या. पाळणा, बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं, डिंकाच्या लाडवांचा डबा मागं हौद्यात गेला. मैना सर्जेरावकडं बघून थोडी हसली. "बरी केलीत गाडी," ती म्हणाली. सर्जेरावला आभाळ ठेंगणं झालं.

गाडी वेशीबाहेर आली आणि पहिला खड्डा लागला.

सर्जेरावनं गाडी थांबवली. "उतरा."

"अहो, एवढ्याशा खड्ड्याला?" मैना म्हणाली.

"मामांनी सांगितलंय. अक्षर न अक्षर."

वडिलांचं नाव आल्यावर मैना काय बोलणार. ती बाळाला घेऊन उतरली. सासूबाईही गुडघ्यावर हात ठेवत उतरल्या. सर्जेरावनं रिकामी गाडी हळूहळू पलीकडं काढली. पोट घासलं नाही. आता त्यांना हाक मारायची, म्हणून त्यानं मागं बघितलं, मग पुढं बघितलं. पुढं दुसरा खड्डा होता. तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

आता बसवायचं आणि लगेच उतरवायचं? ओल्या बाळंतिणीला एवढा त्रास द्यायला सर्जेराव काही निर्दयी नव्हता. हा खड्डा पार करू आणि मग घेऊ, असं त्यानं ठरवलं. दुसरा पार केला तर तिसरा दिसला. तालुक्याचा रस्ता तो. एका खड्ड्याचा काठ संपतो तिथं दुसऱ्याचा सुरू होतो. दर खड्ड्याला सर्जेराव थांबायचा, गाडी रिकामी आहे ना बघायचा आणि मगच पुढं जायचा. मागून कुणीतरी ओरडत होतं, पण त्याचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. खड्डे संपल्याशिवाय माणसं घ्यायची नाहीत, आणि खड्डे संपले ते एकदम त्याच्या घराच्या दारात.

दारात आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन नातीची दृष्ट काढायला उभी होती. शेजारच्या बायका बाळ बघायला जमल्या होत्या. सर्जेराव ऐटीत उतरला. उडी मारावी लागली नाही.

"गाडीला ओरखडासुदिक न्हाई," तो म्हणाला.

आईनं वाकून केबिनमध्ये बघितलं. मग मागं जाऊन हौद्यात बघितलं. तिथं रिकामा पाळणा होता.

"आरं, मैना कुठं हाय? माजी नात कुठं हाय?"

"खड्ड्याच्या पलीकडं."

"कुठल्या खड्ड्याच्या?"

सर्जेरावनं डोकं खाजवून नीट आठवून बघितलं. चुकीचं सांगायची त्याला सवय नव्हती.

"पहिल्या," तो म्हणाला.