रावबहादुरांची पाठ

राणीच्या अमदानीत मुंबईच्या एका साप्ताहिकात त्रिलोकेकर बड्या लोकांची व्यंगचित्रं काढत. पण बडे लोक म्हणजे डोक्याला ताप! एकाला नाक लहान हवं, दुसऱ्याला पोट आत हवं. त्रिलोकेकर अगदी विटून गेले होते.

त्यात म्युनिसिपालटीच्या पाणीखात्याचे साहेब, धैर्यवान आडनावाचे रावबहादूर. चित्रकार दिसला की हे तोंड फिरवून बसत! शेवटी वैतागून त्रिलोकेकरांनी त्यांची नुसती पाठच काढली आणि खाली नाव न घालता छापली.

रावबहादूर खवळले. त्यांनी त्रिलोकेकरांना कचेरीत बोलावलं.

"पाठीवरून माणूस ओळखू येतो होय? इथल्या एकाने तरी ओळखून दाखवावं. नाहीतर आजपासून तुमची पेन्सिल बंद!"

कारकुनांनी पटापट माना खाली घातल्या. दारात एक कोळीण नळाचा अर्ज घेऊन उभी होती. त्रिलोकेकरांनी चित्र तिच्यापुढे धरलं.

"बाई, हे कोण?"

"अगो बाई, हे तर रावबहादूर!"

"तोंड दिसत नसताना कसं ओळखलंत?"

"चार महिने रोज अर्ज घेऊन येतेय, दादा," कोळीण म्हणाली. "त्यांचं तोंड तर मी आजच बघतेय."